आडवा उजेड

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. परभणीला शेतीचं शिकताना पानांवरच्या रोगांचे फोटो काढावे लागत. चांगला कॅमेरा कुणाकडं नव्हता. आमच्या मॅडमनी मोबाईलवर छोटं भिंग रबरानं बसवायला शिकवलं. बाकीचं मी चुकत चुकत शिकले. भिंग लावलं की केसभर हललं तरी सगळं धूसर होतं. म्हणून कोपर गुडघ्यावर टेकायचं, श्वास धरायचा आणि आपणच मागंपुढं सरकायचं. उन्हात पान चमकलं तर मध्ये पांढरं कापड धरायचं. चमक जाते, रंग खरा येतो, पण सावलीही जाते. बॅटरी बाजूनं आडवी धरली तर बारीक खड्डा, उंचवटा, सगळं सावलीसकट दिसतं. मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. पण कापडाआडचा आणि आडवा, हे दोन्ही उजेड मला येत होते, म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

सुट्टीत पेडगावला घरी आले तर माझे वडील, आबा, भाकरी वरणात चुरून खात होते. डाव्या गालात, जिथं तंबाखू धरायची सवय, तिथं जखम झाली होती. दवाखान्याचं नाव काढलं की चिडायचे.

"फोड हाय. तुमच्या पानावर पडतेत तसला. त्याचाच काढ फोटू, माय."

मैत्रिणीचा भाऊ दातांचा डॉक्टर होता. त्याला पाठवावा म्हणून मी खरंच भिंग लावलं. फोटो म्हटल्यावर आबा दाढी करून, धुतलेला शर्ट घालून अंगणात बसले.

आई म्हणाली, "तोंडातला फोटू काढायलीय ती. लगीन न्हाई तुमचं."

आबा इतके हसले की मला थांबावं लागलं.

तोंड ओलं, उन्हात सगळं चमकायला लागलं. मी आईला त्यांचं पांढरं उपरणं मध्ये धरायला लावलं. चमक गेली. लाल, पांढरा, प्रत्येक रंग स्वच्छ आला. तोवर काढलेल्या फोटोंमध्ये तो सगळ्यात चांगला होता, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

डॉक्टरनं कळवलं, दाताची कड गालाला घासून झालेली जखम वाटते. पंधरा दिवसांत भरली नाही तर लगेच आणून दाखवा. आबांनी त्यातलं पहिलंच ऐकलं. तो फोटो स्वतःच्या मोबाईलवर घेतला आणि कुणी विचारलं की पुढं करायचे. "डॉक्टरनं पाह्यलं की!" पुढं पेरणी आली, माझी परीक्षा आली. फोन केला की मी विचारायची, ते "बरं हाय" म्हणायचे. मीही त्या फोटोवरच विसंबले.

दिवाळीला आले तेव्हा त्यांचं तोंड नीट उघडत नव्हतं. या वेळी मी उपरणं मागितलं नाही. बॅटरी गालाच्या कडेनं आडवी धरली. जखमेची कड बांधासारखी वर आलेली होती आणि आतल्या खड्ड्यात काळी सावली पडली होती. मी श्वास धरून फोटो काढला. असं काही पानावर दिसलं की आम्ही पान खुडून टाकायला सांगतो.

दुसरा फोटो डॉक्टरला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "उद्याच आणा." मग म्हणाला, "पहिल्यात हे दिसलंच नाही हो."



डावा जबडा काढावा लागला. आता आबांचं बोलणं आईला आणि मलाच समजतं. डॉक्टर पुढचं फारसं सांगत नाहीत. परवा दुपारी आबांनी मला जवळ बोलावलं.

"माय, एक फोटू काढ माझा. मोठा करून आण."

"काहीबी बोलू नका," आई म्हणाली.

"चांगला काढ. भिंतीवर लय वर्षं ऱ्हायचंय."

पुन्हा दाढी झाली. डावीकडची आईनं हलक्या हातानं केली. धुतलेला शर्ट आला. मी त्यांना दारात बसवलं, उजवा गाल उजेडाकडं करून. त्या आडव्या उजेडात एकेक सुरकुती उठून दिसली, डावीकडं मात्र सगळा अंधार झाला. मी तो तसाच ठेवला.

आबांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं.

"हिकडची बाजू कुठं गेली?"

"अंधारात, आबा."

"ऱ्हाऊ दे तिथंच," म्हणाले, आणि मोबाईल उपरण्यानं पुसून माझ्या हातात दिला.