कॉलेजातला संसार

केंब्रिजला आमच्या कॉलेजात पहिलं वर्ष संपत आलं की लग्नं ठरायची. खोटी लग्नं, पण ती ठरवताना कुणी हयगय करत नसे. दोघांनी एकमेकांचे ‘कॉलेजातले नवरा-बायको’ व्हायचं आणि पुढच्या ऑक्टोबरात येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांपैकी दोघा-तिघांना आपली मुलं मानायचं. उन्हाळ्यात त्यांना ईमेल करून काय आणावं, काय आणू नये ते सांगायचं. पहिल्या रविवारी चहाला बोलवायचं. काळा गाऊन घालून कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये जेवायला न्यायचं. आजारी पडली तर बघायला जायचं. कॉलेज जुनं, म्हणून ही रीतही जुनीच असणार असं सगळे धरून चालत. ती कुणी सुरू केली हे मला कुणालाच सांगता आलं नाही.

मला स्वतःला चांगले आई-बाप मिळाले होते. ‘आई’ डॉक्टरकी शिकणारी, स्कॉटलंडची. ‘बाप’ गणितवाला, फारसा न बोलणारा, पण त्यानंच मला कपडे धुवायचं मशीन कसं चालवायचं ते शिकवलं. आम्ही लंडनातल्या एजवेअरचे. मी अकरा वर्षांची असताना बाबांच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे पुण्याहून तिथं आलो. एजवेअर काही फार लांब नाही, तरी पहिल्या आठवड्यात मला रडू आवरेना. तेव्हा ही स्कॉटिश मुलगी माझ्या खोलीत येऊन काही न विचारता तिचं पुस्तक वाचत बसायची. त्यामुळे पुढच्या वर्षी आपणही कुणाची तरी अशी आई व्हायचं, हे माझं आधीच ठरलं होतं.

मे महिन्यात दुपारच्या जेवणाच्या रांगेत एक मुलगा माझ्यापुढे गुडघ्यावर बसला. तो माझ्याच जिन्यावर राहायचा, इतिहास शिकायचा, बोट क्लबात होता. कॉलेजच्या माळ्यापासून प्रिन्सिपलपर्यंत सगळे त्याला नावानं हाक मारत. त्याच्या हातात खायच्या जेलीची अंगठी होती.

“माझ्या मुलांची आई होशील?” त्यानं विचारलं.

लोक ट्रेवर चमचे बडवायला लागले. मी हो म्हटलं. तो मला आवडायचाच. तसा नव्हे, पण आवडायचा.

त्या संध्याकाळी आईला फोन केला. हे असं असं आहे, खोटं असतं, गंमत असते, सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं ती दचकेल. पण ती म्हणाली, “म्हणजे दोन नवी मुलं सांभाळायची, एवढंच ना? मग त्याला नवरा कशाला लागतो?”

“आई, तशी पद्धत आहे.”

“बरं,” ती म्हणाली. “पद्धत आहे तर असू दे.”

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आम्ही ठरवलं की मुलांना ईमेल तो करणार. तो स्वतःहूनच म्हणाला. लिहिण्यात तो हुशार होता, त्याला सुचायचंही मजेदार. सप्टेंबरात विद्यार्थी कमिटीच्या मुलीनं मला विचारलं, “तुमच्या मुलांना अजून काहीच आलं नाही म्हणतात, सगळं ठीक आहे ना?” मी त्याला मेसेज केला. उत्तर आलं, ‘अरे देवा, सॉरी! उद्या नक्की.’ तो कुठंतरी फ्रान्समध्ये सायकल चालवत होता. उद्या गेला, परवा गेला. शेवटी मीच बसून लिहिलं. चादर आणा, उशी आणा, किटली आणू नका, मिळते. खाली दोघांची नावं घातली, त्याचं आधी.

मुलं आली. मुलगी कॉर्नवॉलच्या समुद्राकाठच्या खेड्यातली, लाजरी, भूगोल शिकायला आलेली. मुलगा लीड्सचा, इंजिनिअरिंगचा. त्याची आई तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स. पहिल्या रविवारी माझ्या खोलीत चहा ठेवला. खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणल्या. जिन्यावरच्या इवल्याशा किचनमध्ये दोन हॉटप्लेट होत्या, त्यातली एकच धड तापायची. तिच्यावर मी कांदेपोहे केले. फोडणीच्या धुरानं अलार्म वाजला आणि अख्ख्या जिन्याला खाली अंगणात जाऊन उभं राहावं लागलं. थंडीत, पावसाच्या चिकचिकीत, हातात झारा घेऊन मी सगळ्यांची माफी मागत होते.

आम्ही वर येऊन निवलेले पोहे खात होतो तेव्हा दार उघडून तो आला. बोट क्लबच्या घट्ट कपड्यांत, केस ओले, हातात दुधाची बाटली.

“बाबा आले रे!” तो ओरडला.

मुलगी पहिल्यांदा हसली. तासभर मी तिच्याशी बोलायचा प्रयत्न करत होते, ती फक्त मान हलवत होती. त्यानं तिला विचारलं, “कॉर्नवॉलमध्ये स्कोनवर आधी जॅम लावतात की आधी क्रीम?” तिकडे त्या गोड पावावरून भांडणं होतात; ती तावातावानं बोलायला लागली. लीड्सचा मुलगाही त्यात पडला. नवऱ्यानं पोहे दोनदा घेतले, “माझी बायको काय भारी स्वयंपाक करते बघा,” असं म्हणत फोटो काढून घेतले. फोटो मीच काढले. मग मुलांना नदी दाखवायला घेऊन गेला. “तू येतेस ना?” त्यानं दारातून विचारलं. मी बशा गोळा करत होते. “व्हा पुढे,” म्हटलं, आणि ते गेले.

दिवाळीनंतरच्या रविवारी आई-बाबा फराळ घेऊन आले. तो नेमका जिन्यात भेटला. आईनं त्याला चकली दिली, तर ह्यानं तिथंच पायरीवर बसून अख्खा डबा संपवला. आईला चकली कशी करतात ते विचारलं, बाबांना क्रिकेटचं विचारलं. बाबा खूश. लंडनातल्या मराठी मंडळींत आमच्या बाबांना फार मान. कुणाकडे कार्यक्रम असला की स्पीकर लावायला, लोकांना स्टेशनवरून आणायला बाबा पुढे. आणि आदल्या दिवशी घरी शंभर माणसांचे बटाटे सोलायला आई.

“किती गोड मुलगा आहे,” बाबा म्हणाले. “ह्याला एकदा आपल्या कार्यक्रमाला आण.”

बाबा गाडी आणायला गेल्यावर आई मला म्हणाली, “तुझे डोळे का असे दिसताहेत? झोपत नाहीस का?”

“आई, तो काहीच करत नाही गं. सगळं मी करते आणि मुलं मात्र त्यालाच विचारतात.”

तिनं रिकामा डबा पिशवीत ठेवला. “असतात अशी माणसं,” ती म्हणाली. “सगळ्यांना आवडतात. त्यांना तरी काय बोलणार?” तिनं हे इतकं सहज म्हटलं की मला तिचाच राग आला.

नोव्हेंबरात मुलगी हॉलमध्ये जेवायला यायची बंद झाली. मी तिच्या खोलीवर गेले. पडदे ओढलेले, ती कोट घालून पलंगावर बसलेली. ताप होता, पण खरं दुखणं वेगळं होतं. तिला कॉलेज सोडून घरी जायचं होतं. सगळे तिच्यापेक्षा हुशार आहेत, तिला चुकून घेतलंय, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी त्याला मेसेज केला, ‘लवकर ये, तिला गरज आहे.’ उत्तर आलं, ‘नदीवर आहे, झालं की येतोच.’ मी वरण-भात करून नेला. माझा लॅब रिपोर्ट राहिला, सुपरव्हायझरची बोलणी खाल्ली. मी तिच्याजवळ बसून राहिले, माझ्या आईसारखी नव्हे, त्या स्कॉटिश मुलीसारखी. काही न विचारता. ती थोडंसं जेवली.

मग म्हणाली, “बाबा येणार आहेत का?”

तो त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशी आला, शेवंतीची फुलं घेऊन. दार उघडताच म्हणाला, “तुला माहितीये, पहिल्या वर्षी माझा निबंध प्रोफेसरांनी अर्धाच वाचून परत दिला. म्हणाले, पुढचं वाचायची हिंमत नाही.” ती इतकी हसली की तिला खोकला आला. त्या आठवड्यातच ती जेवायला यायला लागली. ती राहिली ती त्याच्यामुळेच, असं ती पुढे सगळ्यांना सांगायची, आणि ते कदाचित खरंही असेल. माझ्या रागाला तेवढंच निमित्त पुरलं.

मी त्याला सायकलींच्या शेडपाशी गाठलं.

“काल का आला नाहीस?”

“अगं, आलो ना आज. ती बरी आहे की.”

“काल बरी नव्हती.”

त्यानं माझ्याकडे खरोखर न कळल्यासारखं पाहिलं. “तू फार मनाला लावून घेतेस. खेळ आहे हा.”

“मग खेळ तरी नीट!” मी ओरडले. शेजारी कुलूप लावणारी एक बाई वळून बघायला लागली. त्यानं मला मिठी मारली, म्हणाला, “तू सगळ्यात भारी बायको आहेस,” आणि सायकलवर बसून लेक्चरला गेला.

टर्म संपताना प्रत्येक ‘कुटुंबा’चं ख्रिसमसचं जेवण असायचं. टेबल मी बुक केलं, लीड्सच्या मुलाला हलाल नसेल तर शाकाहारी चालतं हे किचनला मी कळवलं, भेटवस्तू मी आणल्या. त्या जेवणात एक रिवाज होता. गोड पदार्थ आला की ‘बापा’नं उभं राहून ‘आई’साठी ग्लास उचलायचा, आणि ‘आई’नं उत्तर द्यायचं. तो उभा राहिला. फार सुंदर बोलला. माझ्या पोह्यांबद्दल, अलार्मबद्दल, मी हातात झारा घेऊन अंगणात उभी होते त्याबद्दल. तो तर तेव्हा तिथं नव्हताही! शेजारच्या टेबलांवरचे लोकही ऐकायला लागले, टेबलं बडवायला लागले.

मग माझी पाळी आली. मी उभी राहिले.

“थँक यू,” मी म्हटलं. “पण पुढच्या वेळी टेबल तू बुक कर. ईमेल तू लिही. आणि भांडी घासायला थांब. मी दमले आहे.”

हॉल हसून हसून लोटपोट झाला. तो सगळ्यात जास्त हसला. मुलगी टाळ्या वाजवत होती. कुणीतरी मागून “वन्स मोअर!” म्हणून ओरडलं. मी खरंच सांगत होते आणि लोकांना वाटलं मी काय मस्त बोलले. मी खाली बसले आणि पुडिंग खाल्लं. दुसरं काय करणार?

सुट्टीत घरी माझी चिडचिड चालली होती. आई विचारायची आणि मी काही सांगायची नाही. जानेवारीत परत आल्यावर मी मुलांना कॉफीला बोलावलं, त्याला नाही. सरळ सांगितलं की मी आता चहा, जेवणं काही करणार नाही, मला अभ्यास आहे, तुम्हाला काही लागलं तर माझं दार उघडं आहे.

दोघं गोंधळले. लीड्सचा मुलगा म्हणाला, “पण आम्ही तुला मदत करू का, असं कितीदा विचारलं. तू दरवेळी नको म्हणालीस.”

मुलगी म्हणाली, “आम्हाला वाटलं तुला हे सगळं करायला आवडतं.”

मी त्यांना नको म्हणाले होते, हे खरंच होतं. मला ते त्याच्याकडून हवं होतं, त्यांच्याकडून नाही. हे मुलांना काय सांगणार? कॉफी थंड होईपर्यंत आम्ही हवेबद्दल बोललो.

त्याला मी मेसेजनं कळवलं, या टर्मचं जेवण तुझ्याकडे. ‘डन!’ असं उत्तर आलं. या वेळी मी आठवण करून द्यायची नाही, असं मनाशी पक्कं केलं. आठवडे गेले. आठवणीचा मेसेज मी दोनदा लिहून पुसला. आणि खरंच, एके दिवशी त्यानं कळवलं, शुक्रवारी जेवण, टेबल बुक केलंय.

शुक्रवारी मुलगी नव्हती. तिच्या आजीचा वाढदिवस, ती कॉर्नवॉलला गेली होती. तिनं हे त्याला सांगितलं होतं, तो विसरला. लीड्सच्या मुलाच्या पुढ्यात बेकनचं, म्हणजे डुकराच्या मांसाचं, सूप आलं. त्यानं ते शांतपणे बाजूला सरकवलं आणि पाव खाल्ला. नवऱ्यानं “अरेरे, माझी चूक!” म्हणून स्वतःचं बटाट्याचं ताट त्याला दिलं, आणि मग दोघं फुटबॉलवर बोलत सुटले. संध्याकाळ छान गेली. कुणाचं काही अडलं नाही. मी मात्र पूर्ण वेळ हात मांडीवर दाबून बसले होते. किचनमध्ये जाऊन सांगावं, मुलीला फोन करावा, काहीतरी नीट करावं, असं आतून सतत होत होतं. काही करायचं नाही हे मीच ठरवलं होतं, आणि तेही मला धड जमत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला फोन केला. मागे समुद्रपक्ष्यांचा कलकलाट ऐकू येत होता.

“सॉरी,” मी म्हटलं. “जेवण तू नसताना झालं. लक्षात यायला हवं होतं.”

“पण बुक तर त्यानं केलं होतं ना?” ती म्हणाली. “मग तू का सॉरी म्हणतेस?”

मी म्हटलं, “असंच,” आणि आजीला वाढदिवसाच्या शुभेच्छा सांगायला सांगून फोन ठेवला.