पंपाची तार

आमच्या मळ्यात वीज दिवा घेऊन आली नाही, भांडण घेऊन आली. वाशीमच्या बाहेर आमचा भाजीपाल्याचा मळा आणि एका विहिरीत दोन वाटे. एक दिवस आमची मोट चालायची, एक दिवस शेजाऱ्याची. शेजाऱ्यानं आपलं वावर विहिरीच्या वाट्यासकट पलीकडच्या कापसाच्या जिनवाल्या शेठला विकलं, आणि शेठनं विहिरीवर विजेचा पंप बसवला. जिनात कापसातली सरकी काढायला तेलाचं इंजिन, त्यावर वीज करायचं यंत्र, आणि तिथून आमच्या मेथीवरून दोन उघड्या तारा थेट विहिरीपर्यंत. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस ते. आमच्या घरी चिमणीला घासलेट मिळत नव्हतं आणि शेठच्या फाटकावर दिवेलागणीपासून नुसता झगमगाट. मेल्यांचा माज!

पंपाला कसली आली पाळी? तो रोज ओढायचा. इंजिन थंड ठेवायला पाणी, बंगल्यातल्या गुलाबांना पाणी. विहीर हातभर उतरली की इकडे माझ्या पाठीवर वळ उठायचा. नवऱ्याची रीतच तशी. शेठ लांब होता, मी घरात होते.

माझे सासरे शेठला विचारायला गेले. मामाजी म्हणायचे मी त्यांना. गरीब माणूस, फाटकाशी हात जोडून उभे राहिले. शेठच्या माणसांनी असं ढकललं की समोरचे दोन दात पडले. तोंडाला धोतराचा सोगा लावून ते घरी आले, आणि नवरा तसाच उठला. जिनात घुसला आणि समोर दिसला त्याला दगड हाणला. दिसला कोण, तर इंजिन चालवणारा मिस्त्री! त्याचा ह्यात काडीचा संबंध नव्हता. कपाळ फुटलं बिचाऱ्याचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठची माणसं आली. पाणी उपसायची आमची चामड्याची मोट त्यांनी कोयत्यानं उभी फाडली. मामाजी आडवे गेले तर त्यांना लाथांनी तुडवलं. मी शिव्या घातल्या, दुसरं काय करणार? आता विहिरीत पाणी असून आम्हाला थेंब काढता येत नव्हता. वांग्यांनी माना टाकल्या होत्या. पंपाचा नळ गळायचा तेवढा मेथीचा वाफा ओला, बाकी सगळा मळा चारदोन दिवसांचा सोबती. तो वाळला की आम्ही उठणार आणि शेठ आमच्याही वाट्यावर बसणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

मी म्हटलं, "कोर्टात जा ना. मारामारीनं काय होऊन राह्यलं?"

"तू मले शिकवतं काय व?" आणि कानाखाली अशी बसली की दुपारपर्यंत कान वाजत होता.

दुपारी त्यानं विळा घेतला. "तारच तोडतो. पाहू मंग कसा ओढते पंप."

मामाजी पडल्या पडल्या म्हणाले, "अरे, तारेत वीज रायते."

"पंप बंद असला तं कायची वीज?"

आणि ते आम्हा सगळ्यांना पटलं. हसू नका. पाण्यावर जन्म गेलेली माणसं आम्ही. मोट थांबली की पाट कोरडा, मग पंप थांबला की तार कोरडी, अजून काय? पंपाचं बटण विहिरीशी, आणि वीज त्या बटणापर्यंत येऊन उभी असते, हे आम्हाला कोणी सांगितलं होतं? जिनातलं इंजिन धडधडत होतं, ते ऐकू येत होतं. त्याचा आणि ह्याचा संबंध डोक्यातच आला नाही.

"जा, पाह्य बरं पंप चालू हाय का," तो म्हणाला. मी विहिरीवर गेले, पंपाला कान लावला. नुकताच कोणीतरी बंद करून गेला होता.

"बंद हाय," मी ओरडले. "तोडा!"

तो मेथीच्या चिखलात अनवाणी उभा राहिला. झोल पडलेली तार डाव्या हातानं खाली ओढली आणि तिथंच अडकला. ओरडला नाही. दात करकर वाजत होते, अंग लटलट हलत होतं, आणि मूठ काही सुटेना. मी धावले. तेवढ्यात जिनाच्या कुंपणापलीकडून कोणी बोंबललं, "हात नोको लावू बाई! लाकडानं हान!" तोच मिस्त्री होता, कपाळाला फडकं बांधलेला. इंजिन बंद करायला तो उलटा पळाला.

बैलगाडीच्या कडेची उभारी, चांगला मनगटाएवढा जाड दांडा, बांधावर पडली होती. मी ती उचलली आणि त्याच्या मनगटावर घातली. कडकन आवाज झाला, मूठ सुटली, तो मेथीत उताणा पडला.

माय वं, इथंच थांबायचं होतं मी. मी अजून दोन रट्टे हाणले. एक खांद्यावर, एक मांडीवर. इंजिन तोवर बंद पडलं होतं, आणि मला माझाच श्वास ऐकू येत होता.

गावानं मला सावित्री केलं. बायका पाया पडायला यायच्या. माणूस मरता मरता वाचला म्हणून शेठ टरकला, नवी मोट दिली आणि पंप एक दिवसाआड चालवायचं चार पंचांपुढे कबूल केलं. नवऱ्याचं मनगट वाकडंच बसलं. पण उजवा हात धड होता ना! तोही माझ्यावर पुन्हा कधी उठला नाही. मला वाटायचं, विजेनं त्याला सुधारलं.

बऱ्याच वर्षांनी मी त्याच्या त्याच मनगटाला तेल चोळत होते. तो म्हणाला, "पयल्याच रट्ट्यानं सुटलो होतो मी."

माझे हात थांबले. "तुमाले समजत होतं?"

"समदं समजत होतं."

"मंग इतकी वर्सं काहून नाई बोलले?"

त्यानं ते वाकडं मनगट पुन्हा माझ्यापुढे केलं. मग म्हणाला, "चौथ्याची वाट पाहून राह्यलो होतो."