कुंकू काळं येतं

तार आली तेव्हा मी परसात फणस उतरवून घेत होतो. माझे मेहुणे रघुनाथराव, सिनेमाचे नामांकित छायाचित्रकार, मुंबईत न्यूमोनियाने गेले. खोटं कशाला बोलू... पहिला विचार आला तो बहिणीचा, आमच्याकडेच राहणाऱ्या दुर्गीचा. त्यांचा विचार आज सव्वा महिन्यानंतरही मुद्दाम करावा लागतो.

मग शोकसभा झाली. ते सिनेमात गेले म्हणून ज्या आळीने दुर्गीला हळदीकुंकवाचं बोलावणं बंद केलं होतं, तीच आळी 'आमचे रघुनाथराव' म्हणत गहिवरली. त्यांना सुवर्णपदक मिळालं होतं ना! त्या वर्षी ते कोटावर लावून हा गृहस्थ भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला गेला होता. बघायला तिथे खेकडे होते.

मूकपटांच्या दिवसांतली गोष्ट. शिमग्याला ते कॅमेरा घेऊन आमच्याकडे आले. दुर्गीने लग्नानंतर पहिल्यांदाच काही मागितलं, स्वतःचा एक फोटो. तुळशीपाशी स्टूल ठेवून, ठेवणीतलं लुगडं नेसून ती बसली. रघुनाथराव एक डोळा बारीक करून आभाळाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "कपाळ पूस. लाल रंग फिल्मवर काळा येतो. डांबर फासल्यासारखं दिसेल."

"अगोबाई! तुम्ही धडधाकट पुढ्यात उभे नि मी कपाळ पुसू? येऊ दे मेलं काळं."

"नट्या मुकाट्याने पुसतात. माझ्या हातून वाईट फोटो निघायचा नाही."

आणि त्यांनी कॅमेरा मिटला. मी पडवीत उभा होतो. घरच्या जावयाला कोण बोलणार, म्हणून गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही शरम वाटते.

पुढे नवी फिल्म निघाली, तिच्यावर लाल काळा येत नाही, हे त्यांनीच कौतुकाने सांगितलं. मी म्हटलं, "मग आता काढा की दुर्गीचा." तर म्हणाले, "आता काय राहिलंय काढण्याजोगं?" ती आत भात वाढत होती. तिने ऐकलं.

गेल्या आठवड्यात एका वर्तमानपत्राचा फोटोवाला आला. त्याला पदकासह विधवा हवी होती. मी त्याला घालवूनच देणार होतो, तर दुर्गी बाहेर आली. तिने तेच स्टूल तुळशीपाशी नेलं, पदक माझ्या हातात दिलं आणि ताठ बसली.

"काढा हो," ती म्हणाली. "आता काळं यायला काही उरलं नाही."

फोटो आला आहे. इतक्या वर्षांच्या कुंकवाखाली कपाळावर पांढुरका डाग पडला होता, तोही स्वच्छ आला आहे. स्टूल मी अजून आत घेतलेलं नाही.