इथून पुढचं माझं नाही

आमच्या जमदग्नींसमोर ‘नाइस’ म्हणायची सोय नव्हती. “नाइस? मी काय बिस्किटं भाजली?” म्हणत ते पियानोचं झाकण धाडकन आपटत. कॅनडात, विनिपेगला आमच्या शेजारच्या बेसमेंटमध्ये राहणारे हे रशियन म्हातारबुवा माझ्या लेकीला, सईला, पियानो शिकवायचे. जमदग्नी हे नाव मी ठेवलेलं, अर्थात पाठीमागे. समोर मी नुसता ‘सर, सर’ करायचो.

सोव्हिएत काळात ते नावाजलेले संगीतकार. त्यांच्या भावाला सरकारी माणसांनी उचलून नेलं, तो परतलाच नाही. त्याचं नाव न घेता यांनी वाद्यवृंदासाठी एक शोकरचना लिहिली. समितीनं फर्मावलं, शेवट आनंदी करा; कामगार रडत घरी गेले तर उद्या यंत्रं कोण चालवणार? यांनी शेवटी ढोल-तुताऱ्यांचा विजयी थाट जोडून दिला.

“नाही म्हणायचं ना, सर,” सोफ्यावर रेलून मी शौर्य दाखवलं.

“घरी धाकटी बहीण उरली होती. तिलाही नेऊ द्यायचं होतं?”

मी चहा ढवळत बसलो. त्यात साखरही नव्हती.

त्या रचनेचं एकच रेकॉर्डिंग उरलेलं, तुताऱ्यांसकट. सईला ते ऐकवायचे आणि तुतारी वाजायच्या आत अंगठ्यानं बटण दाबायचे. “इथून पुढचं माझं नाही.”

आमच्या मंडळाच्या गणपतीत ते ती रचना पियानोवर वाजवायला तयार झाले. आयुष्यात प्रथमच, लोकांसमोर, तिच्या खऱ्या शेवटासह. तालमीला अध्यक्ष मला म्हणाले, “फार सॅड होतंय हो. एंडिंग जरा हॅपी करायला सांगा ना, लोक फॅमिली घेऊन येतात.”

भाषांतराची गरजच पडली नाही.

“इथंही समिती!” जमदग्नी गरजले आणि टोपी घालून चालते झाले. पुन्हा कधी ते लोकांसमोर वाजवायला बसले नाहीत. अध्यक्षांनी त्या जागी फॅशन शो ठेवला. माझं डोकं अजून तापतं.

यंदाच्या थंडीत ते गेले. फ्युनरल होममध्ये तेच रेकॉर्डिंग लावलेलं. शोकाचा भाग संपत आला तशी सईनं माझी बाही ओढली, “बाबा, डू समथिंग!” मी उठलो, तरातरा गेलो आणि तुतारीनं तोंड उघडायच्या आत बटण दाबलं.

मॅनेजर धावत आला. “पण सर, पुढचा भाग किती नाइस आहे!”

“तो त्यांचा नाही!” मी ओरडलो.

ग्रोसरीत दुसऱ्याची ट्रॉली माझ्या पायावरून गेली तरी सॉरी म्हणणारा मी. त्या दिवशी म्हटलं नाही.