दीड मिलिमीटरची माशी

"बंदूक सरळ हाय! तू वाकडा!"

हे वाक्य मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत, भर दुपारी, चारशे माणसांच्या देखत माझ्यावर ओरडलं गेलं. बैलबाजार तिथून चांगला अर्धा मैल लांब. तरी तिथल्या दोन बैलांनी माना वळवून कोण वाकडा ते बघितलं. ज्याला खोटं वाटत असेल त्याने बैलांना विचारावं.

मी दहा छरे मारले होते. समोरच्या फळीवरचे फुगे जसेच्या तसे. फुटणं सोडाच, एकही फुगा दचकला नव्हता. आणि मी कोण? मुरबाडच्या एमआयडीसीतल्या टूलरूमचा फिटर. केस कापण्याआधी त्याची जाडी सांगणारा माणूस. मला वाकडा म्हणणारी बाई फुग्यांच्या स्टॉलमागे कमरेवर हात ठेवून उभी होती आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पिस्तूल देत होती.

ती फुगेवाली वहिनी. खरं नाव होतं, पण शेणव्यापासून मुरबाडपर्यंत ते कोणी वापरत नसे. पन्नाशी उलटलेली, नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली, आवाज असा की तिच्या टेम्पोला हॉर्न बसवला होता तो केवळ आरटीओच्या समाधानासाठी. माळावरच्या प्रत्येक जत्रेत तिचा स्टॉल. एक लाकडी फळी, तिच्यावर पेरूएवढे फुगे ओळीने टाचलेले, दहा पावलांवर टेबल, टेबलावर छऱ्याचं पिस्तूल. पिस्तुलाला ती बंदूकच म्हणायची. "एवढ्याश्या जिन्नसाला एवढं मोठं नाव कशाला?"

तुम्हीही अशा स्टॉलवर नेम चुकवला असेल, आणि चुकल्यावर बंदुकीवर शंका घेतली असेल. सगळेच घेतात. वहिनीच्या स्टॉलवर ती सोय नव्हती. एकदा बंदोबस्ताला आलेल्या हवालदाराचे सहाच्या सहा छरे वाया गेले. तो पिस्तूल उलटंसुलटं करून बघायला लागला, तर वहिनी म्हणाली, "साहेब, बंदूक सरळ हाय. चोर पळाला तर तुमी नुसती हाक मारा." लोक एवढे हसले, की शेजारच्या पाळण्यात बसलेल्यांना वाटलं आपलंच काही सुटलं.

पण ती लबाड नव्हती. हे नीट लक्षात घ्या, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. तिचा त्या पिस्तुलावर मनापासून विश्वास होता. नवंकोरं, पेटीबंद घेतलेलं. वर कंपनीचा शिक्का. "कंपनीत मशिनी असतात रे. मशिनी कशाला खोटं बोलतील?" असं ती मला, टूलरूमच्या माणसाला, ऐकवायची. मी तरी काय बोलणार? तिच्या त्या आवाजामुळे मीसुद्धा वर्षभर स्वतःला वाकडाच समजत होतो. आरशात बघून टोपी सारखी करायचो.

फळीच्या मागे, पोत्यावर, तिचा नवरा बसलेला असे. त्याला आम्ही दादा म्हणायचो. फुगे तोंडाने फुगवायचे, दोऱ्याने बांधायचे, फुटलेल्याच्या जागी नवा टाचायचा, हे त्याचं काम. बोलणं जवळजवळ नाही. दिवसभर तोंडात फुगा, बोलणार कधी?

हा माणूस एके काळी काय होता, ते मला त्याच्या गावच्या लोकांनी सांगितलं. उंबरमाळीच्या डोंगरात वाढलेला. गलोलीने कैरी पाडायचा, पण कैरीला दगड लागू द्यायचा नाही; देठ तोडायचा. कैरी खाली येईपर्यंत हा झाडाखाली मीठ घेऊन उभा. यात गावकऱ्यांचं थोडं असेल, माझं थोडं असेल, पण देठाचं खरं आहे. स्टॉल मुळात त्याचाच. टेम्पो तोच चालवायचा. जुनी लांब बंदूक होती तोवर रोज सकाळी स्टॉल उघडायच्या आधी तो पाच छरे मारायचा आणि पाच फुगे फोडायचा. ती त्यांची बोहनी.

मग जुन्या बंदुकीची स्प्रिंग गेली आणि हे नवं पिस्तूल आलं. पहिल्या सकाळी दादाने पाच छरे मारले. एकही फुगा नाही. दुसऱ्या सकाळी नाही. तिसऱ्या सकाळी वहिनी हसत हसत म्हणाली, "बंदूक सरळ हाय. तुमी वाकडे." तीही हसली, तोही हसला. आणि ते वाक्य तिच्या तोंडात बसलं. आम्हा गिऱ्हाइकांच्या वाट्याला आलं ते नंतर.

तो मात्र रोज सकाळी मारतच राहिला. रोज चुकत राहिला. रोज तेच ऐकत राहिला. महिनाभराने त्याने पिस्तूल खाली ठेवलं. "डोळे गेले माझे," म्हणाला. शहापुरात डोळ्यांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, नजर चांगली आहे, चष्माही नको. दादाला पटलं नाही. डॉक्टर काय, फळ्यावरची अक्षरं वाचून घेतो; फुगा कुठे टांगतो? त्याने टेम्पोची चावी वहिनीच्या हातात दिली. "रस्त्यावर कोणाच्या पोराला मारीन मी." रानात जाणं सोडलं. लग्नाकार्यात माणसं ओळखू येणार नाहीत म्हणून तेही सोडलं. आणि फळीच्या मागे पोत्यावर जाऊन बसला. वहिनी त्या वयात टेम्पो शिकली. ती शिकत होती त्या आठवड्यात शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या म्हशी घराबाहेर पडल्या नाहीत.

अशी पाच वर्षं.

माझे दहा छरे वाया गेले त्याच्या पुढच्या वर्षी, म्हशाच्याच जत्रेत, मी वहिनीच्या स्टॉलजवळ चहा पीत उभा होतो, तेव्हा एक गोष्ट नजरेला आली. बाहेरगावचे पाहुणे चुकत होते. म्हशाचे आणि आसपासच्या गावांतले पोरगे धडाधड फोडत होते. त्यांच्यातल्या एकाला, एका उंच ढांगळ्या पोराला, मी बाजूला घेतलं.

"काय रे, नेम कसा धरतोस?"

तो डोळा मारून म्हणाला, "काका, फुग्यावर धराचाच नाय. उजवीकडच्या फटीवर धराचा."

माझा चहा तिथेच गार झाला.

मी वहिनीकडे गेलो. "वहिनी, पिस्तूल दहा मिनिटं द्या."

"कशाला?"

"त्याला इंजेक्शन द्यायचंय."

तिने शिव्या दिल्या, पण दिलं. कोयते-विळे विकणाऱ्या लोहाराच्या पालात लोखंड आवळून धरायचा वाइस होता. पिस्तूल चिंध्यांत गुंडाळून मी वाइसमध्ये आवळलं. दहा पावलांवर कागद लावला, कागदावर कोळशाचा ठिपका. पिस्तुलावर नेम धरायला दोन गोष्टी असतात: नळीच्या टोकावर उभी माशी आणि मागे खाच. खाचेतून माशी, माशीवर ठिपका. तो बरोबर जुळवला आणि पाच छरे सोडले. पाचही छरे एका ठिकाणी, एकाच भोकात. फक्त ते भोक ठिपक्याच्या डावीकडे तीन बोटं.

म्हणजे नळी इमानदार होती. माशी खोटी होती. ओतीव प्लास्टिकची, कारखान्यातूनच उजवीकडे कललेली. किती? दीड मिलिमीटर. आमच्या टूलरूममध्ये दीड मिलिमीटर चुकणाऱ्याला चहासुद्धा देत नाहीत. इथे दीड मिलिमीटरचं दहा पावलांवर तीन बोटं झालं होतं, आणि तीन बोटं म्हणजे बरोबर दोन फुग्यांमधली फट.

वहिनी माझ्या मागे येऊन उभी होती. मी मोठ्या ऐटीत वळलो. वर्षभराचा सूड होता तो. "बघा वहिनी! कोण वाकडा?"

ती कागदाकडे बघत होती. मग तिने मान वळवून आपल्या स्टॉलकडे बघितलं. फळीच्या कडेने दादाची अर्धी पाठ दिसत होती, आणि एक फुगत जाणारा फुगा.

"फिटर," ती म्हणाली. त्या बाईला मी इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "ह्यांना सांगू नको."

जत्रेचा सगळ्यात मोठा दिवस, दुपारचे बारा, आणि वहिनीने स्टॉल बंद केला. दादाला सांगितलं, छरे संपले, मुरबाडला जाऊन आणते. आणि मला टेम्पोत घातलं. म्हसा ते मुरबाड हे अंतर मी त्या दिवशी कसं पार केलं ते मला माहीत नाही, डोळे मिटले होते.

माझ्या घराच्या पडवीत माझं स्वतःचं टेबल आहे, वाइस आहे, कानशी आहेत. प्लास्टिकची माशी ठोकून काढली. जुन्या हॅक्सॉच्या पात्याचा तुकडा घेऊन नवी घासली. पोलादी, चौकोनी माथ्याची. मागची खाचही बदलली, एका स्क्रूने डावीउजवीकडे सरकेल अशी. उन्हात चमकू नये म्हणून दोन्हींवर चिमणीची काजळी धरली. वहिनी तेलाच्या डब्यावर बसून बघत होती.

"हे कधी वाकलं?" तिने विचारलं.

"वाकलं नाय वहिनी. आलं तेच असं."

"म्हणजे पयल्या दिवसापासून."

"हो."

कानस चालत राहिली. ती म्हणाली, "मी त्यांना रोज काय बोलली, तुला माहिताय ना?"

मी बडबड्या माणूस. मयताला गेलो तरी चार माणसं हसवून येतो. पण त्या वेळी मी माशीवर फुंकर मारली आणि पुन्हा घासायला लागलो.

"आता सांगितलं," ती म्हणाली, "तर ते पाच वरसं मोजीत बसतील. त्यापरीस नको. डोळे फिरून आले असं वाटू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लवकर म्हशाला पोचलो. वहिनीने दादाच्या हातात पिस्तूल दिलं. "मारा पाच."

"कशाला? उगा छरे वाया."

"नवे छरे हायत. बघा कशे जातात."

दादा नको नको म्हणत उभा राहिला. हात लांब केला. पहिला फुगा फुटला. त्याने पिस्तूल खाली करून फुटलेल्या फुग्याची चिंधी बघितली. दुसरा. तिसरा. चौथ्याला त्याचा श्वास मला ऐकू येत होता. पाचवा फुटला आणि तो तसाच, हात लांब केलेला, उभा राहिला. मग पिस्तूल टेबलावर ठेवून वहिनीकडे वळला.

"चावी दे गो."

"कसली?"

"टेम्पोची. जरा म्हशाच्या बाहेर जाऊन येतो."

तिने कमरेची चावी काढून दिली. तो गेला. वहिनीने पदराने टेबल पुसलं. टेबल स्वच्छच होतं.

पण गोष्ट इथे संपली असती तर मी कशाला सांगत बसलो असतो. दहा वाजता गावचे पोरगे आले. सवयीप्रमाणे सगळ्यांनी फटीवर नेम धरला, आणि छरे इमानाने फटीत गेले. पाच वर्षं जे म्हशाचे अर्जुन होते ते तासाभरात आंधळे झाले. कालचा तो ढांगळा पोरगा सगळ्यांच्या वर ओरडायला लागला.

"बंदूक बिघडवली हिनी! लोकांना लुबाडते! कमिटीला बोलवा!"

कमिटीचे दोघे आले. पन्नास-शंभर माणसं जमली. पुढच्या साली जागा मिळणार नाही, असंही कोणीतरी बोललं. तेवढ्यात दादा टेम्पो लावून परत आला आणि गर्दीत येऊन उभा राहिला.

मी वहिनीकडे बघत होतो. तिला फक्त एवढंच सांगायचं होतं: बंदूक आधी वाकडी होती, काल फिटरने सरळ केली, हा बघा फिटर. एका वाक्यात सगळे गप्प झाले असते. मी छाती काढून तयारही होतो. तिने दादाकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझी छाती आपोआप आत गेली.

"ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाली. "बिघडली असंल. ज्यांचे चुकले त्यांनी फुकट मारा."

त्या पिस्तुलाबद्दल वावगा शब्द ऐकून न घेणारी ती बाई, सगळ्या जत्रेसमोर असं म्हणाली. पोरं खूश. बातमी पसरली आणि दुपारपर्यंत रांग एवढी वाढली की तिचं शेपूट धसईच्या वाटेला लागलं. एक म्हातारा तर म्हणाला, माझा बाप इथे चुकला होता, त्याचे दोन छरे मला द्या. वहिनीने दिले.

त्यानंतर जागा बदलल्या. दादा टेबलापाशी, गिऱ्हाइकांच्या पुढे. वहिनी पोत्यावर, फळीच्या मागे. फुगे ती तोंडाने फुगवायची, एवढा दम त्या छातीत, की तिचे फुगे पेरूचे पपई व्हायचे आणि दादा ओरडायचा, "अगं, हवा कमी भर!" गिऱ्हाईक चुकलं की दादा फक्त म्हणायचा, "होतं असं. परत मारा." तिचं ते जुनं वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही.

अशा दोन जत्रा झाल्या. यंदा दिवाळीच्या आधी शहापूरहून निरोप आला, वहिनी गेली. ताप आला, तीन दिवसांत संपलं. मला कारखान्यातून निघता आलं नाही. जत्रेला मात्र गेलो. स्टॉल जागेवर होता. दादा टेबलापाशी एकटा, फळीवर फुगे ओळीने टाचलेले.

मी त्याच्याजवळ बसलो आणि माझ्या स्वभावाप्रमाणे खूप बोललो. किती मोठी बाई होती, कसा आवाज होता, बैल कसे माना वळवायचे, सगळं. त्या माशीची गोष्टही ओठांपर्यंत आली होती, ती मी गिळली. शेवटी बोलायला काही उरलं नाही, तेव्हा विचारलं, "दादा, एकट्याला जड जात असंल ना?"

त्याने एका पोराच्या हातात पिस्तूल दिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "फुगे आता पंपानी भरतो."