उल्काचं रुखवत

दिल्लीतल्या मराठी घरातलं मूल दिसेनासं झालं की एकच उत्तर पुरतं : "यूपीएससी करतंय." कुमुदताई सप्रे यांनी ते वर्षानुवर्षं पुरवलं. मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं, "उल्का नाही आली?" की त्या म्हणायच्या, "मुनिरक्यात खोली घेतलीय ना, अभ्यासासाठी." लोक आदराने माना डोलवायचे. सरकारी नोकरीत हयात घालवलेल्या माणसांना परीक्षेइतकं पवित्र दुसरं काही नसतं! उल्का तेव्हा फरीदाबादच्या घरी पडदे ओढून आतल्या खोलीत बसलेली असायची. कॉलेजात असतानाच तिला नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू येऊ लागले होते.

आई बिचारी काय करणार? ती रुखवत करत बसली. लेकीच्या लग्नात मांडायला मण्यांची तुळस, क्रोशाचे रुमाल, सुपारीचे नवरा-नवरी, नवऱ्याच्या डोक्याला जरीचा फेटा. डॉक्टर औषधं बदलत राहिले, ट्रंक भरत राहिली. स्थळाचा मात्र पत्ता नव्हता.

मेट्रो फरीदाबादला पोचली त्या सुमारास सुनीती नावाच्या एका कार्यकर्तीचं केंद्र सापडलं. गल्लीतल्या दोन खोल्या. उल्कासारखी माणसं तिथे दिवसभर यायची, काम शिकायची, गप्पा मारायची. हळूहळू उल्का एकटी जाऊ-येऊ लागली. आता केंद्राला कामगारवस्त्यांत घरोघरी पोचायचं होतं आणि त्याला लागणाऱ्या पैशांसाठी मंडळाच्या हॉलमध्ये हाताने केलेल्या वस्तूंची विक्री ठरली.

"आई, आपली ट्रंक देऊ या," उल्का म्हणाली.

कुमुदताईंचा जीव खालीवर झाला. ट्रंक द्यायची म्हणजे लग्नाची आशा सोडायची आणि सगळ्यांदेखत मुनिरक्याच्या खोलीची थापही उघडी पाडायची. त्या हो म्हणाल्या खऱ्या, पण सुपारीचं जोडपं त्यांनी गुपचूप पर्समध्ये टाकलं.

टेबल उल्काने मांडलं, तेही अगदी रुखवतासारखं. झालं! बायका आल्या, एकेक वस्तू निरखून गेल्या, तोंड भरून कौतुक केलं आणि विकत काही कोणी घेईना. रुखवत का कोणी विकत घेतं? शेवटी पूर्वी सरोजिनीनगरात शेजारी राहिलेल्या प्रभाताईंनी विचारलंच, "अच्छा, पण नवरीमुलगी कोण?"

"मी," उल्का म्हणाली. "लग्न नाहीये, मावशी. मला स्किझोफ्रेनिया आहे. आईने हे माझ्यासाठी केलं होतं, आता केंद्राला दिलंय. तुळस घ्या ना, बिल्कुल नवीन आहे."

प्रभाताई कुमुदताईंकडे वळल्या. "आणि ते यूपीएससी?"

सवयीने उत्तर ओठांवर आलंच होतं. पण कुमुदताई लेकीकडे बघत राहिल्या. दाराची बेल वाजली तरी जिला कापरं भरायचं, ती भर हॉलमध्ये ताठ उभी राहून तुळशीवरची धूळ पुसत होती. हिला मी लपवत होते? त्यांना लेकीपुढे आपण फार लहान वाटलो, आणि त्यात शरमेपेक्षा नवलच जास्त होतं. एवढं बळ हिने कुठून आणलं?

"खोटं होतं ते," त्या म्हणाल्या. "घरीच होती ती."

प्रभाताईंनी तुळस उचलून उराशी धरली. मग बाकीच्यांचे हात पुढे आले. बघता बघता टेबल रिकामं झालं.

कुमुदताईंनी पर्स उघडली आणि सुपारीचे नवरा-नवरी मधोमध ठेवले. उल्काने आईकडे एकदा पाहिलं, नवऱ्याचा कललेला फेटा सरळ केला आणि हाक मारली, "मावशी, हे राहिले बघा!"