हव म्हणजे हो नव्हे

धनराज गेल्याची बातमी आली तेव्हा मी कारखान्यातल्या क्रेनवर, ढगांच्या जरा वरच बसलो होतो. खालून कोणीतरी ओरडलं, "तुमचा शेतकीवाला दोस्त गेला!" मी उडी मारली असं सांगतो सगळ्यांना... शिडीनेच उतरलो असेन.

आम्ही दोघं भंडाऱ्याकडचे, एकाच गावचे. भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हा मी लोखंडाकडे वळलो, तो धानाकडे. शेतकीवाल्यांनी संशोधन करून नवं बियाणं काढलं होतं, रोपं दोरी धरून ओळीत लावायची रीत काढली होती. शेतकऱ्यांनी ती खरंच किती उचलली, हे भिलाईच्या आसपास गावोगाव जाऊन मोजायचं धनराजचं काम. नोकरी हंगामी, मोजणी पसंत पडली तर कायम होणार. बोलायला असा गोड, की त्याने सांगितलं असतं तर दगडालाही अंकुर फुटला असता. पारावर बसून तो ओळीतल्या धानाची महती गायचा आणि समोरचे सगळे "हव, हव" म्हणायचे. आमच्याकडे हव म्हणजे हो. धनराज खुशीत वहीत मांडायचा: अख्ख्या गावाने रीत घेतली.

मग एक दिवस त्याचा साहेब जीप घेऊन पाहायला आला. सुट्टी होती, मीही मागे लटकलो. शिवारात धान नेहमीसारखंच फेकून पेरलेलं, ओळ औषधालाही नाही. साहेबाने गावातल्या जुन्या शेतकऱ्याला, सुखरूबाबाला, दरडावलं, "तुम लोग तो हाँ बोले थे?"

"हव," बाबा म्हणाला. "बाबू अतेक सुग्घर कहिनी सुनावत रिहिस, हुंकारू कइसे नइ देतेन?"

छत्तीसगढी गावात गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो, नाहीतर सांगणाऱ्याचा अपमान. एवढ्या सुंदर कहाणीला हव कसं म्हणायचं नाही! जीपचा ड्रायव्हरसुद्धा हसला. धनराज मात्र कानापर्यंत काळा पडला. "मोजणी माहीच खोटी हाय साहेब," तो म्हणाला. "मी कोणाच्या बांधावर गेलोच नाही." कायम होणं तिथेच बुडालं.

पुढे तो थेट चिखलात उतरायचा, रोपं बघायचा, मग "कावून नाही लावलं?" एवढंच विचारून उत्तर येईपर्यंत गप्प. उत्तर यायचं. ओळीत लावायला हात लागतात, आणि गावचे हात आमच्या कारखान्यात माती वाहून राहिले होते. त्याने तसंच वर कळवलं. वर ते कोणाला आवडलं नाही. मरेपर्यंत हंगामीच राहिला.

आणि मी? कँटीनमध्ये ही गोष्ट रंगवत बसलो. एका गावाची वीस केली, जीपचा हत्ती केला. एकदा धनराज मागच्याच बाकावर होता, मला पत्ता नाही. उठताना म्हणाला, "सांग रे, सांग. फक्त हत्ती काढ. बाकी खरं हाय."

तेरवीनंतर धनराजच्या बायकोला, वहिनीला, विचारलं, "घरात सगळं हाय नं?"

"हव, भाऊजी."

मी हलका होऊन खुर्सीपारच्या माझ्या खोलीच्या वाटेला लागलो. नाक्यावर ते हव कानात खटकलं. सायकल वळवली, न विचारता स्वयंपाकघरात शिरलो, तांदळाच्या डब्यात हात घातला. बोटं सरळ तळाला लागली. वहिनी तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. लाजायचं कोणी, आणि लाजत होतं कोण...

आता दर बाजाराच्या दिवशी भरलेली पिशवी घेऊन जातो. विचारत काही नाही. चप्पल काढतो आणि डबे उघडून पाहतो.

"हे काय लावलं तुमी भाऊजी?" ती चिडते.

"मोजणी," मी म्हणतो.